घाटाच्या वर, घाटाच्या खाली : कन्नड तालुक्यातल्या भाषांविषयी

मराठवाड्यातल्या कन्नड तालुक्याची उत्तरेकडची सीमा डोंगराने आखली आहे. सातमाळा-अजिंठ्याची ही रांग म्हणजे दख्खनच्या पठाराची कड. औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, तापीचं खोरं, खानदेश. घाटावरचं पाणी शिवनेतून गोदावरीला मिळतं, घाटाखालचं गिरणेतून तापीला. पाण्याची वाटणी डोंगराने अशी चोख केली; भाषांची मात्र त्याला करता आली नाही. घाटमाथ्यावरच्या कितीतरी घरांत अहिराणी बोलली जाते. बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गोरमाटी आहे, डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांवर भिल्लांची भाषा आहे, शहरातल्या मोहल्ल्यांत दखनी आहे. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर शाळेची, तहसिलीची, बाजार समितीची मराठी आहे.

हा संग्रह त्या डोक्याखालच्या भाषांचा आहे. शब्द, म्हणी, शेतीच्या अवजारांची आणि स्वयंपाकघरातली नावं, सणावारांची वर्णनं असा ऐवज पुढच्या पानांत आहे. अशा पुस्तकाच्या प्रस्तावनेत मायबोलीचं गुणगान करण्याची रीत आहे. ती मी मोडतो आहे, कारण गुणगानाने आजवर एकही भाषा वाचलेली नाही. भाषा जगते ती तिच्याकडे काम असतं म्हणून. तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही अशी वेळ आली की कितीही गोड भाषा असो, ती घरातल्या म्हाताऱ्यांबरोबर निघून जाते. एवढी एकच गोष्ट मला इथे मांडायची आहे, आणि तिचा पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही.

तो याच डोंगरात दगडावर कोरलेला आहे. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीची. तिथले जुने लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या दानाची नोंद त्यांत आहे. तिथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या तळहातावर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव आहे. व्यापारी आणि कारागीर आपापली नावं आपल्या बोलण्यातल्या भाषेत लिहवून घेत होते.

तिथून डोंगर उतरून चाळीसगावजवळच्या पाटणला आलं की शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६ च्या सुमाराचा शिलालेख भेटतो. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा हा लेख. घराण्याची विद्वत्ता आणि राजांची स्तुती संस्कृतात आहे. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरची कोणती पट्टी मठाला द्यायची, हे सांगायची वेळ येते तेव्हा लेखाची भाषा बदलते आणि मराठी होते. वंशावळ चार पंडितांना कळली तरी पुरे होतं. पैसे कुणी द्यायचे हे मात्र तेल्या-तांबोळ्यांना कळायलाच हवं होतं. आठशे वर्षांपूर्वी मराठी या दगडावर चढली ती बाजाराच्या वाटेने.

इथे एका नेहमीच्या आक्षेपाचा निकाल लावून टाकू. भाषा बदलतातच, जुन्या जाऊन नव्या येतात, त्यात एवढं हळहळण्यासारखं काय, असं पुष्कळ शहाणी माणसं विचारतात. पितळखोऱ्याची प्राकृत आज कुणी बोलत नाही हे खरं. पण तिथून आजच्या मराठीपर्यंत एकही पिढी अशी गेली नाही, जिला आपल्या आजीचं बोलणं कळत नव्हतं. शब्द झिजले, प्रत्यय गळले, उच्चार फिरले. आईकडून लेकराकडे जाणारी भाषा तुटली नाही. ते बदलणं होतं. आज अहिराणी किंवा गोरमाटीचं जे होतं आहे ते वेगळं आहे. आई स्वतःच्या आईशी एका भाषेत बोलते आणि लेकराशी ठरवून दुसऱ्या भाषेत. तीस वर्षांत, एका घरात, दोर कापला जातो. याला बदल म्हणता येत नाही.

हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. कन्नड तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. घाटाखाली चाळीसगावला इंग्रजी अंमल, घाटावर हैदराबादचा. डोंगर ही नुसती भूगोलाची रेघ नव्हती, राज्यांची सरहद्द होती. घाटावर सरकारदरबारची भाषा उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, यात शंका नाही. पण मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची ती भाषा नव्हती. घरी मराठी आणि कागदावर उर्दू अशी दोन पिढ्यांची गत झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ झालं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि मराठीला तिचं काम परत मिळालं. ज्या मराठीने हा अन्याय सोसला, तिच्याच शाळेत आज तांड्यावरचं पोर पहिलीत येऊन महिनोन्‌महिने गप्प बसतं. निजामाच्या मनसबदाराइतकी आपली मराठी निर्दय नाही. पण बाकावरच्या पोराला हा फरक कळत नाही.

आता या भाषांची कुंडली. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. भिल्ली भाषा, खानदेशी आणि बंजारी किंवा लभाणी, या तिन्ही त्यात एकत्र आल्या आहेत. कन्नडच्या आठवडी बाजारात कानावर पडणाऱ्या तीन भाषा एकाच पुठ्ठ्यात बांधल्या गेल्या हा योगायोग नव्हे. तिन्ही भाषा मराठी आणि गुजराती-राजस्थानी यांच्या मधल्या पट्ट्यातल्या, आणि म्हणून कुठल्याही एका घरात न मावणाऱ्या. मराठीला त्या सर्वेक्षणात वेगळा, सातवा खंड मिळाला.

अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारी, षष्ठीला ‘ना-नी’ लावणारी, मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणणारी, ‘कथा जाई रायना?’ असं विचारणारी ही भाषा पुण्याच्या माणसाला चटकन समजत नाही, एवढं तर उघड आहे. कोकणीलाही आपण मराठी माणसांनी फार काळ बोलीच म्हटलं. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, आणि त्यामुळे मराठीचं काही बिघडलं नाही. या वादाचा निकाल लागेपर्यंत अहिराणी थांबणार नाही, म्हणून मी तो इथेच सोडतो.

जनगणनेचे आकडे मात्र सोडता येत नाहीत. अहिराणी ज्यात मोडते त्या खानदेशी या नावाखाली १९९१ मध्ये पावणेदहा लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. २००१ मध्ये तो आकडा २० लाख ७५ हजारांवर गेला आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजारांवर आला. दहा वर्षांत कुठलाही समाज दुप्पट होत नाही आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी आटतही नाही. हे आकडे जन्ममृत्यूचे नाहीत, उत्तरांचे आहेत. दारात आलेल्या मास्तरांनी ‘मातृभाषा?’ असं विचारल्यावर माणसाने काय सांगितलं, आणि मास्तरांनी न विचारताच ‘मराठी’ लिहून टाकलं का, यावर ते हलतात. २०११ मध्ये देशभरातून मातृभाषेची १९,५६९ नावं आली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि गट पाडून १२१ भाषा. एवढ्या मोठ्या चाळणीतून काय खाली पडलं असेल याची कल्पना करावी. डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० नंतर झालेल्या लोकसर्वेक्षणाने देशातल्या ७८० भाषांची नोंद केली, ती मुख्यतः या गळतीकडे बोट दाखवण्यासाठीच.

गोरमाटीची गत आणखी चमत्कारिक. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाख ७६ हजार आणि बंजारी सांगणारे १५ लाख ८१ हजार, म्हणजे एकूण साडेअठ्ठेचाळीस लाखांहून अधिक. आणि हे सगळे हिंदी या शीर्षकाखाली जमा. कन्नडच्या तांड्यावरची म्हातारी आपल्या आईला ‘याडी’ म्हणत आली, तिला हिंदीचं एक वाक्य धड येत नसेल, पण कागदावर ती हिंदीभाषक. यामागे इतिहास आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ मध्ये पुसला गेला. आज हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. लिहायची वेळ आली की इथे देवनागरी, तिथे कानडी लिपी, पलीकडे तेलुगू. बोलायला बसले तर तिन्ही राज्यांतले तांडे एकमेकांना समजतात. वाचायला बसले तर नाही.

तरीही गोरमाटी आजवर टिकली, कारण तांड्याचा सगळा व्यवहार तिच्यात होता. नायकाचा निवाडा, लग्नातला ढावलो, होळीतली लेंगी, तीज, सेवालाल महाराजांच्या नावाचा भोग, यांतलं काहीच दुसऱ्या भाषेत होत नव्हतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली टोळीही बहुधा एकाच तांड्याची असते. कोप्यांवर दिवसभर गोरमाटीच चालते. ज्या स्थलांतराने पोरांची शाळा बुडते त्याच स्थलांतराने भाषा राखली, हे कटू असलं तरी खरं आहे. म्हणून तांड्यावर सुबत्ता येऊ नये असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न असा की शाळा शिकायची तर भाषा टाकायची, ही अट घातली कुणी? कवी वीरा राठोड यांच्या ‘सेन सायी वेस’ या संग्रहाला २०१५ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. शीर्षक गोरमाटी, पुरस्कार मराठीचा. गोरमाटीतून आलेल्या माणसाला नाव मिळवायला आज तरी मराठीचंच दार आहे.

भिल्लांच्या भाषेविषयी थोडक्यात. देशात भिल्ली सांगणारे एक कोटीहून अधिक आहेत, पण ते चार राज्यांत आणि डझनावारी बोलींत विखुरलेले. कन्नडच्या डोंगरातल्या लहान वस्त्यांना त्या कोटीचा काही आधार मिळत नाही. तिथल्या नव्या पिढीच्या तोंडी बरीचशी मराठीच आहे. दखनीचं दुखणं निराळं. वली आणि सिराज औरंगाबादी या कवींच्या काळी या मुलखाची मान वर असलेली ही भाषा आज शाळेतल्या उर्दूपुढे ओशाळते. तिचं ‘नक्को’ हे मराठीच्या शेजाराचं देणं आहे, आणि उर्दूच्या वर्गात नेमकं तेच चुकीचं ठरतं.

भाषा घराबाहेर कशी पडते, हे अहिराणीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. अहिराणी घरातलं मूल ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं. ळ आणि ण त्या भाषेत असे वळतात. हा नियम आहे, आळस नव्हे. शाळेत त्याखाली लाल रेघ येते, वर्ग हसतो, आणि पोर घरी जाऊन आईला सांगतं की तू नीट बोल. आई त्याच दिवसापासून ‘शुद्ध’ बोलायचा प्रयत्न करते. तिला नावं ठेवायचं कारण नाही. आपल्या भाषेला चाळीसगावच्या स्टॅण्डपलीकडे किंमत नाही हा तिचा हिशेब बरोबर आहे. पुण्या-मुंबईचा मराठी बाप पोराला इंग्रजी शाळेत घालतो तेव्हा तोही हाच हिशेब करतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे पेढे ज्या घरांत वाटले गेले, त्यांतल्या किती घरांतली पोरं मराठी पुस्तक वाचतात, ते ज्याचं त्याने पाहावं.

दुसरी वाट अवजारांची. मोट गेली तशी मोटेबरोबर नाडा, सोल, धाव, थारोळं हे सगळं गेलं. विजेचा पंप बसला, त्याला एक बटण पुरतं. तिफण, चाडं, जू, शिवळ यांची जागा ट्रॅक्टरने घेतली. वस्तूच नाही तर शब्द कुठे राहणार? इथे एका कामाचा आदराने उल्लेख करायला हवा. कन्नडमध्येच राहून डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा अभ्यास उभा केला. त्यांचा ‘अहिराणी-मराठी शब्दकोश’ आणि ‘अहिराणी भाषा : वैज्ञानिक अभ्यास’ ही पुस्तकं १९९७ मध्ये आली. खानदेशातल्या कृषक जीवनाचा त्यांचा सचित्र कोश महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढला. त्यातलं ‘सचित्र’ महत्त्वाचं. वस्तू डोळ्यांसमोरून गेल्यावर नुसत्या शब्दार्थाने ती कळत नाही. चित्र असेल तर नातवाला कळतं की आजोबा कशाविषयी बोलत होते. घाटाखालच्या भाषेचा कोश घाटावर बसून व्हावा, यातच या तालुक्याचा स्वभाव आला.

पण कोश म्हणजे भाषा जगली असं नव्हे. अंदमानात बोआ सीनियर नावाची वृद्धा जानेवारी २०१० मध्ये वारली आणि ‘बो’ भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. प्रा. अन्विता अब्बी यांनी तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. ते अमोल आहे, पण त्याला उत्तर देणारं आता कुणी नाही. उलट आपल्याच राज्यात, बुलडाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, निहाली बोलणारी दोन-अडीच हजार माणसं आहेत. या भाषेचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही, आणि ती अजून घरांत बोलली जाते. धोका मोजायचा तो डोक्यांवरून नव्हे, पाच वर्षांच्या पोरांवरून. केंद्र सरकारची लुप्तप्राय भाषांची योजना दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांसाठी आहे. अहिराणी-गोरमाटी तिच्यात बसत नाहीत, आणि लाखांचा आकडा पाहून आपण निर्धास्त राहतो.

जगात जिथे भाषा परतल्या तिथेही हेच दिसतं. आयर्लंडला १९२२ मध्ये स्वतःचं राज्य मिळालं, आयरिश शाळेत सक्तीची झाली, तरी घर आणि बाजार इंग्रजीतच राहिले. आज आयरिश शिकलेले पुष्कळ आहेत, रोज बोलणारे थोडे. न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ पासून दुसरी वाट धरली. त्यांनी बालवाड्या काढल्या आणि तिथे आज्यांना बसवलं. मधली पिढी भाषा विसरली होती, म्हणून तिला ओलांडून आजीची भाषा थेट नातवाच्या तोंडी दिली. १९८७ मध्ये माओरी राजभाषा झाली, पुढे तिची स्वतंत्र दूरचित्रवाणी आली, भाषेच्या जोरावर नोकऱ्या मिळू लागल्या. हिब्रू बोलण्यात परत आली, कारण वेगवेगळ्या देशांतून आलेल्या ज्यूंना एकमेकांशी बोलायला एक भाषा लागत होती. शाळा लागतेच, पण नुसती शाळा पुरत नाही.

आपल्याकडे कायद्याची वाण नाही. घटनेच्या ३५० (क) या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात असं सांगितलं आहे. शिक्षण हक्क कायद्यात आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात तेच आहे, ‘शक्य असेल तिथे’ या पळवाटेसह. तांड्यावरच्या अंगणवाडीत तांड्यावरचीच सेविका असेल आणि तिला गोरमाटीत गोष्ट सांगायची मुभा असेल, तर त्याला नवा पैसा लागत नाही. पहिली-दुसरीच्या गुरुजींनी ‘डोया’खाली रेघ न मारता शेजारी ‘डोळा’ लिहिलं, तर पोर दोन्ही शिकतं. आल्याचे भाव, कपाशीवरची बोंडअळी, लसीकरणाची तारीख हे निरोप अहिराणीत आणि गोरमाटीत मोबाइलवर ऐकवायला काय अडचण आहे? ‘हाई झुमकावाली पोर’ या अहिराणी गाण्याने यूट्यूबवर कोट्यवधी श्रोते मिळवले ते कुठल्याही ठरावाशिवाय. त्या गाण्याच्या दर्जावर विद्वानांनी नाकं मुरडली तरी एक गोष्ट त्याने सिद्ध केली: अहिराणीला बाजार आहे. तरुण कलाकार आज या भाषेवर चार पैसे कमावतात, आणि कमावणारी भाषा पोरं लपवत नाहीत. पाटणच्या दगडावर मराठी ज्या वाटेने आली तीच ही वाट.

हा संग्रह वाचताना एक पथ्य पाळावं. यातल्या शब्दांना जुनं, गोड, ग्रामीण असं काही म्हणू नये. ते वापरून पाहावेत. अहिराणी घरातल्या वाचकाला एखादा शब्द वेगळा वाटला तर त्याने समासात आपला लिहावा. बारा कोसांवर बोली बदलते आणि कन्नडपासून सटाण्यापर्यंत अहिराणीची किती रूपं आहेत हे त्यालाच जास्त ठाऊक. ज्यांची मातृभाषा मराठी आहे त्यांनी आपल्या शेजाऱ्याच्या भाषेतली निदान विचारपूस शिकावी. मराठीने उर्दूच्या छायेत काढलेले दिवस आठवले तर एवढं करणं जड जाऊ नये.

आणि एक काम सगळ्यांना जमण्यासारखं आहे. देशाची पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. दारात येणारा प्रगणक मातृभाषा विचारील. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे तुमच्या लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलली ती तुमची मातृभाषा. शाळेत शिकलात ती नव्हे, लाज वाटत नाही ती नव्हे. ती अहिराणी असेल तर अहिराणी सांगा, गोरमाटी असेल तर गोरमाटी सांगा, भिल्ली असेल तर भिल्ली, आणि त्याने तेच नोंदवलं आहे ना, हे पाहून मगच त्याला पुढच्या घरी जाऊ द्या.